पहिले शंभर दिवस

२१ सप्टेंबर १९७१ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात डेव्हिड व्हेट्टर शस्त्रक्रियेने जन्माला आला आणि काही सेकंदांतच त्याला प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवण्यात आले. त्याचा थोरला भाऊ सात महिन्यांचा असताना याच आजाराने दगावला होता, म्हणून डॉक्टर आधीपासून तयारीत होते. या आजाराला वैद्यकात 'सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी' म्हणतात आणि डॉक्टरमंडळींच्या बोलण्यात तो नुसता 'स्किड' असतो. अशा बाळाच्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी तयारच होत नाहीत आणि त्यांच्यावाचून बी पेशी असल्या तरी निकामी ठरतात. साधी सर्दी न्यूमोनियावर जाते, तोंडातली पांढरी बुरशी हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, बाळ अंग धरत नाही. उपचार झाले नाहीत तर यातली बहुतेक बाळे पहिला वाढदिवस पाहत नाहीत. डेव्हिड मात्र बारा वर्षे जगला. त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली, १९७६ साली अशा मुलावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपटही निघाला, आणि प्लॅस्टिकच्या बुडबुड्यातला मुलगा हे चित्र लोकांच्या मनात घट्ट बसले. तेव्हापासून या आजाराचा इतिहास त्या पारदर्शक भिंतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला ही मांडणी दिशाभूल करणारी वाटते. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतला पुरावा एकत्र ठेवला तर एक गोष्ट ठळक दिसते. उपचार हाताशी आल्यानंतर या मुलांचे जगणे-मरणे मुख्यतः जन्मानंतर किती दिवसांनी आजार ओळखला गेला यावर ठरले आहे. हे अमेरिकेत आणि युरोपात सिद्ध झाले आहे, आणि आपल्याकडे त्याचा उपयोग अजून फारसा झालेला नाही. हा जुना इतिहास आज मराठीत सांगण्याचे कारण तेच आहे.

हा आजार नवा नाही, तो ओळखता येणे नवे आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्या काळापर्यंत तान्ही बाळे न्यूमोनियाने आणि हगवणीने इतक्या संख्येने मरत होती की त्यांतले एखादे बाळ मुळातच वेगळे होते, हे कळायला मार्ग नव्हता. प्रतिजैविके आली, साधे संसर्ग बरे होऊ लागले आणि मगच औषध देऊनही जी मुले पुन्हा पुन्हा आजारी पडत होती ती डोळ्यांत भरू लागली. १९५० साली स्वित्झर्लंडमध्ये ग्लान्झमान आणि रिनिकर या डॉक्टरांनी रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी नाहीशा झालेल्या आणि बुरशीच्या संसर्गाने गेलेल्या बाळांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांच्यापुढे आठ वर्षांचा एक मुलगा आला. न्यूमोकोकस जंतूचा संसर्ग त्याच्या रक्तात वारंवार उतरत होता. पेनिसिलिनने तो बरा होई आणि पुन्हा आजारी पडे. रक्तातली प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगवेगळी करून पाहणारे यंत्र तेव्हा नुकतेच वापरात आले होते. ब्रुटन यांनी मुलाचे रक्त त्यात तपासले तेव्हा गॅमा ग्लोब्युलिन म्हणजे प्रतिपिंडे असणारा भाग जवळजवळ कोराच निघाला. त्यांनी दर महिन्याला त्वचेखाली गॅमा ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि त्या मुलाचे दुखणे थांबले. ब्रुटन यांच्या रुग्णाचा दोष बी पेशींचा होता, म्हणून तो आठ वर्षांपर्यंत तग धरू शकला. डॉक्टरला विचार करायला तेवढा अवधी मिळाला. स्किडचे बाळ तो अवधी देत नाही. आईकडून नाळेवाटे आलेली प्रतिपिंडे त्याला काही आठवडे सांभाळतात, त्या काळात ते इतर बाळांसारखेच गुटगुटीत दिसते, आणि नेमक्या त्या फसव्या दिवसांतच त्याला वाचवणे सर्वांत सोपे असते.

उपचाराची वाट १९६० नंतरच्या दशकात उघडली. छातीच्या पिंजऱ्यात हृदयाच्या वर असणारी थायमस ही ग्रंथी निरुपयोगी अवशेष आहे असे तोवर मानले जाई. १९६१ साली जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून दाखवले की तिच्याशिवाय प्रतिकारव्यवस्था उभीच राहत नाही. चार वर्षांनी मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरच्या प्रयोगांतून प्रतिकाराच्या दोन स्वतंत्र शाखा असल्याचे दाखवून दिले. त्यातून स्किडच्या बाळाला काय हवे याचे उत्तर मिळाले. या पेशींचे मूळ बीज हाडांतल्या मगजात असते, म्हणजे मगजच दुसऱ्याचा घालायला हवा. १९६८ साली मिनेसोटात गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या एका मुलाला त्याच्या बहिणीचा मगज दिला. त्या मुलाच्या आईच्या माहेरच्या नात्यात आधीच्या पिढ्यांतले अनेक मुलगे तान्हेपणीच गेले होते. हा मुलगा मात्र वाचला आणि मोठा झाला. अस्थिमज्जा रोपणाने जन्मजात आजार बरा झाल्याचे हे पहिल्या उदाहरणांपैकी एक. मात्र बहीण-भावाचा मगज जुळण्याची शक्यता चारात एक असते. न जुळणारा मगज दिला तर त्यातल्या परक्या टी पेशी बाळाच्याच त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला चढवतात आणि बाळ त्याने दगावते. ज्याला जुळणारे भावंड नाही त्याच्यासाठी १९७१ साली वैद्यकाकडे वाट पाहण्याखेरीज दुसरे काहीही नव्हते. डेव्हिडच्या बहिणीचा मगज जुळला नाही.

म्हणून ती भिंत. तिच्या आतले जगणे कसे होते हे जवळून पाहायला हवे, कारण तिच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले आहे. कक्षात जाणारी प्रत्येक वस्तू, मग ते लंगोट असोत, खेळणे असो वा पुस्तक, आधी इथिलिन ऑक्साइड वायूने भरलेल्या पेटीत सुमारे ६० अंश सेल्सिअसला चार तास ठेवली जाई आणि मग त्या वायूचा अंश उडून जाईपर्यंत एक ते सात दिवस हवेत ठेवली जाई. बाप्तिस्म्याचे पवित्र पाणीसुद्धा निर्जंतुक करून वापरले गेले. बाहेरच्या माणसांचे हात भिंतीत बसवलेल्या जाड काळ्या हातमोज्यांतूनच आत जात. कक्ष फुगलेला ठेवणाऱ्या पंपांचा आवाज सतत चालू असे, त्यामुळे बोललेले धड ऐकू येत नसे. १९७७ साली नासाने त्याच्यासाठी खास पोशाख बनवून दिला. तो कापडी नळीने कक्षाला जोडलेला असे. तो घातल्यावर त्याच्या आईला आपला मुलगा पहिल्यांदा कडेवर घेता आला, तेव्हा तो सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. पोशाख सात वेळा वापरला गेला, पुढे तो त्याला आखूड झाला. या सगळ्या काळात त्याला प्राणघातक संसर्ग झाला नाही, हे त्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या चिकाटीचे यश आहे आणि ते कमी लेखणे अन्यायाचे होईल. एका मुलाला असे डांबून ठेवणे योग्य होते का, हा प्रश्न तेव्हाही कडवटपणे विचारला गेला. माझे मत असे की त्या आईवडिलांना आणि डॉक्टरांना दोष देता येत नाही. काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत उपचार सापडेल या आशेवर त्यांनी तो निर्णय घेतला होता, आणि एकदा मूल आत गेल्यावर त्याला बाहेर काढणे म्हणजे मृत्यूच्या हाती देणे होते.

अखेर ऑक्टोबर १९८३ मध्ये, तो बारा वर्षांचा झाल्यावर, त्याला बहिणीचाच मगज देण्यात आला. पूर्ण न जुळणाऱ्या मगजातून घातक टी पेशी वेगळ्या काढण्याचे तंत्र तोवर हाती आले होते. परक्या पेशींचा हल्ला झाला नाही, पण काही आठवड्यांनी ताप, जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्याला कक्षाबाहेर आणले गेले, त्याच्या आईने त्याला हातमोज्यांशिवाय प्रथमच स्पर्श केला, आणि २२ फेब्रुवारीला तो गेला. शवविच्छेदनात शरीरभर कर्करोगाच्या गाठी सापडल्या. बहिणीच्या मगजात एप्स्टीन-बार नावाचा विषाणू सुप्त होता, तो तेव्हाच्या तपासणीत दिसला नव्हता. निरोगी माणसात तो पडून राहतो. डेव्हिडकडे त्याला आवर घालणाऱ्या पेशीच नव्हत्या. विषाणू माणसात कर्करोग घडवू शकतो याचा अतिशय स्पष्ट पुरावा त्याच्या मृत्यूने दिला, आणि १९९३ साली एक्स गुणसूत्रावरच्या ज्या जनुकाचा दोष डेव्हिडच्या आजाराच्या मुळाशी होता ते जनुक ओळखले गेले.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. डेव्हिडचे निदान जन्माच्या दिवशीच झाले होते. त्याला संसर्गही झाला नव्हता. तरीही तो गेला. मग लवकर निदानाला इतके महत्त्व कशासाठी? उत्तर तारखांमध्ये आहे. निदानाच्या पुढे उपचार उभा नसेल तर लवकर झालेले निदान बाळाला फक्त ताटकळत ठेवते, आणि १९७१ साली तेच घडले. अर्धा जुळणारा मगज शुद्ध करण्याचे तंत्र इस्रायल आणि न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास विकसित केले. आई किंवा वडील यांचा मगज मुलाशी नेहमीच अर्धा जुळतो, म्हणजे त्या दिवसापासून जवळपास प्रत्येक बाळाला दाता घरातच मिळाला. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात रिबेका बकली यांनी हा उपचार १९८२ पासून सातत्याने केला आणि १९९९ साली ८९ बाळांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७२ जगली होती. पण त्या संख्येच्या आत दडलेली दुसरी संख्या मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. आयुष्याच्या पहिल्या साडेतीन महिन्यांत ज्या २२ बाळांना मगज मिळाला, त्यांतली २१ जगली. रुग्णालय तेच, डॉक्टर तेच, तंत्र तेच. वेगळे होते ते बाळाचे वय आणि त्या वयामुळे संसर्गाला न मिळालेली संधी. या बाळांची स्वतःची प्रतिकारशक्ती नसल्यामुळे परका मगज नाकारला जाण्याची भीतीही कमी असते, त्यामुळे अनेकांना जहाल केमोथेरपी न देताही रोपण करता आले. डेव्हिड दहा वर्षे उशिरा जन्मला असता तर पहिल्याच महिन्यात त्याचे रोपण झाले असते आणि बहुधा तो घरी वाढला असता.

दुसरा आक्षेप संख्याशास्त्राचा आहे आणि तो प्रामाणिक आहे. लवकर सापडलेली बाळे मुळातच सौम्य दोषाची असतील, त्यामुळे ती जास्त जगलेली दिसत असतील. २०११ साली ब्रिटनमधल्या लंडन आणि न्यूकॅसल इथल्या दोन केंद्रांच्या अभ्यासाने याचे चोख उत्तर दिले. त्यांनी एकाच कुटुंबातली भावंडे समोरासमोर ठेवली. घरातले पहिले आजारी बाळ, ज्याच्या दुखण्यामुळे आजार कळला, आणि त्याच्यामागून आलेले बाळ, ज्याची तपासणी जन्मताच झाली. घराणे एक, जनुकातला दोष एक. पहिल्या गटातली सुमारे ४० टक्के मुले जगली, दुसऱ्या गटातली ९० टक्के. थोरल्याच्या मरणाने धाकटा वाचला, असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि दुसरे बाळ वाचवण्यासाठी पहिले गमावावे लागावे ही गोष्ट कोणत्याही समाजाने मान्य करण्यासारखी नाही. २०१४ साली उत्तर अमेरिकेतल्या २५ केंद्रांमधल्या २४० बाळांचा अभ्यास आला. त्यात साडेतीन महिन्यांच्या आत रोपण झालेल्यांतली ९४ टक्के जगली. त्याहून मोठ्या पण संसर्ग न झालेल्या बाळांत हे प्रमाण ९० टक्के होते, झालेला संसर्ग बरा करून रोपण केलेल्यांत ८२, आणि संसर्ग चालू असतानाच ज्यांना रोपणाला घ्यावे लागले त्यांची स्थिती सर्वांत वाईट होती. साडेतीन महिने म्हणजे साधारण शंभर दिवस.

तिसरा आक्षेप मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्याच्या उत्तरातून मूळ मुद्दाच पक्का होतो. कुणी म्हणेल, प्रतिजैविके सुधारली, विषाणूंवर औषधे आली, रोपणाचे तंत्र सुधारले, त्यामुळे मुले जास्त जगू लागली. निदानाच्या वेळेला एवढे श्रेय कशाला? २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये १९८२ ते २०१८ या काळातल्या ९०२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८२ पासून २०१० पर्यंत, म्हणजे जवळपास तीन दशके, औषधे आणि तंत्रे बदलत असतानाही पाच वर्षांपुढे जगणाऱ्या मुलांचे प्रमाण ७२-७३ टक्क्यांवर अडकून होते. २०१० नंतर ते ८७ वर गेले. नवजात तपासणीत आजार सापडलेल्या मुलांत तर ते ९२ च्या पुढे होते. त्या वळणावर बदलले ते मुख्यतः एकच होते: अमेरिकेतल्या राज्यांनी प्रत्येक नवजात बाळाची या आजारासाठी तपासणी सुरू केली होती.

त्या तपासणीची युक्ती सांगण्याजोगी आहे. थायमसमध्ये टी पेशी घडताना तिच्या जनुकातला एक तुकडा कापला जातो आणि त्याचे छोटे कडे बनते. पेशी दुभंगली तरी हे कडे दुप्पट होत नाही, म्हणून रक्तातल्या कड्यांच्या संख्येवरून नव्या टी पेशी बनत आहेत की नाहीत ते कळते. २००५ साली जेनिफर पक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बाळाच्या टाचेतून घेऊन कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातही ही कडी मोजता येतात. असा वाळवलेला ठिपका रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात दुसऱ्याच एका आजारासाठी रूढ केला होता, म्हणजे नमुना आधीपासून हाती होता. १ जानेवारी २००८ पासून विस्कॉन्सिन राज्याने सर्व बाळांची तपासणी सुरू केली आणि २०१८ च्या अखेरीस अमेरिकेतली पन्नासही राज्ये त्यात आली. तीस लाखांहून अधिक बाळांच्या तपासणीचा अहवाल २०१४ मध्ये निघाला. त्यात ५२ बाळे सापडली, म्हणजे साधारण ५८ हजारांत एक. पूर्वीच्या अंदाजापेक्षा हे प्रमाण जास्त होते. उरलेली बाळे आजवर निदान न होताच जात होती, हा त्यातून निघणारा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. नैर्ऋत्य अमेरिकेतल्या नॅव्हाहो लोकांत तर एका समान पूर्वजाकडून आलेल्या दोषामुळे दर दोन हजारांत एका बाळाला हा आजार असतो. पिढ्यान्‌पिढ्या बाळे गमावत आलेल्या त्या समाजात तपासणीने काय बदलले असेल, ते वेगळे सांगायला नको. खोट्या धोक्याच्या सूचना येतात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत विशेषतः. त्यासाठी चाचणी पुन्हा करावी लागते आणि काही आईबापांना काही दिवस विनाकारण काळजीत काढावे लागतात. दुसऱ्या पारड्यातल्या बाळाच्या जिवापुढे ही किंमत मला लहान वाटते. रोपणाला पर्याय म्हणून पुढे आलेल्या जनुक-उपचारांची कहाणी मोठी आहे. १९९० साली अमेरिकेत चार वर्षांच्या मुलीपासून तिची सुरुवात झाली, पॅरिसमध्ये यश आले आणि मग काही मुलांना त्याच उपचाराने रक्ताचा कर्करोगही झाला, आता अधिक सुरक्षित पद्धती आल्या आहेत. पण त्यांनाही बाळ संसर्गाआधीच हाती लागावे लागते.

आता आपल्याकडे. भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून २०२१ साली २७७ बालरुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. लक्षणे दिसायला लागली तेव्हाचे मध्यक वय अडीच महिने, निदान झाले तेव्हाचे पाच महिने. शंभर दिवसांची ती रेघ या दोन आकड्यांच्या मधोमध पडते. शिवाय आपल्याकडे संसर्गाची एक वाट जन्माच्या दिवशीच उघडते. क्षयरोगाविरुद्धची बीसीजी लस ही जिवंत, दुर्बळ केलेल्या जंतूंची असते. निरोगी बाळाला ती मेंदूच्या क्षयापासून वाचवते, म्हणून आपल्याकडे ती जन्मतः दिली जाते आणि दिलीच पाहिजे. स्किडच्या बाळात तोच जंतू आवरला जात नाही. २०१४ साली सतरा देशांतल्या, बीसीजी टोचलेल्या ३४९ स्किड बाळांचा आढावा घेतला गेला. निम्म्याहून किंचित अधिक बाळांना लसीमुळे त्रास झाला, एक तृतीयांश बाळांत तो जंतू शरीरभर पसरला, आणि पहिल्या महिन्यात लस मिळालेल्यांची हानी जास्त झाली. याचा अर्थ सर्वांची बीसीजी लांबवावी असा कुणी काढू नये. क्षयाच्या देशात तसे केले तर एकाला वाचवताना अनेकांना धोक्यात घालू. पण ओळखल्यावर वेळ बदलता येते, हे इंग्लंडने दाखवले आहे. तिथे सप्टेंबर २०२१ पासून काही भागांत स्किडची तपासणी सुरू झाली, तेव्हा बीसीजी देण्याची वेळ जन्माऐवजी २८ दिवसांनंतर, तपासणीचा निकाल हाती आल्यावर, अशी ठरवली गेली. तिथे बीसीजी मुख्यतः त्या बाळांना देतात ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत जन्मले आहेत. म्हणजे लंडनमध्ये जन्मलेल्या मराठी घरातल्या बाळाला जे संरक्षण मिळते, ते लातूर किंवा रत्नागिरीतल्या त्याच्या आतेभावाला मिळत नाही.

दुर्मिळ आजारावर सरकारी पैसा का घालावा, हा प्रश्न इथे विचारला जाईलच. भारतात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख बाळे जन्मतात. अमेरिकेतलेच प्रमाण धरले तरी दरवर्षी चारशेच्या आसपास बाळे या आजाराची असणार. नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत, आणि मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या काही समाजांत अजून आहे, आईवडील दोघांकडून दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते, म्हणून खरा आकडा याहून मोठा असू शकतो. तपासून काय उपयोग, रोपण कुठे परवडते, हा प्रश्न जास्त टोकदार आहे आणि त्याला खोटे आश्वासक उत्तर देऊ नये. रोपण महाग आहे, केंद्रे मोजकी आहेत. पण लवकर रोपण हे उशिराच्या रोपणापेक्षा स्वस्त पडते, कारण अतिदक्षता विभागातले महिने वाचतात. आणि तपासणी नसेल तर केंद्रे वाढवण्याची मागणी कोण करणार? मेलेली बाळे आकडेवारीत न्यूमोनियाच्या रकान्यात जातात. नवजात बाळांची सरकारी तपासणी भारतात जमणार नाही असेही कुणी म्हणू नये. गोव्याने २००८ सालीच चयापचयाच्या आणि संप्रेरकांच्या विकारांसाठी ती सुरू करून दाखवली होती. महाराष्ट्राने मोठ्या सरकारी प्रसूतिगृहांपासून स्किडसाठी अशी सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याची वाट पाहत असताना एक साधन प्रत्येक तालुक्यात आजही आहे, ते म्हणजे रक्ताची साधी सीबीसी तपासणी. तिच्या अहवालात पांढऱ्या पेशींची एकूण संख्या आणि त्यातल्या लिम्फोसाइटची टक्केवारी असते. दोन्हींचा गुणाकार केला की लिम्फोसाइटची खरी संख्या मिळते. एकूण ८,००० पेशी आणि लिम्फोसाइट १५ टक्के असतील तर ती १,२०० होते. प्रौढ माणसाच्या दृष्टीने हा आकडा ठीक आहे, आणि पुष्कळ प्रयोगशाळा अहवालात प्रौढांचीच मर्यादा छापतात, त्यामुळे त्यावर लाल खूण पडत नाही. तीन महिन्यांच्या बाळात मात्र ही संख्या ३,००० च्या खाली असणे ही धोक्याची घंटा आहे. संख्या ठीक असली तरी आजार नाही असे ठरत नाही, कारण काही प्रकारांत बी पेशींमुळे ती भरून निघते. पण ती कमी असेल तर पुढची तपासणी टाळायला कोणतेही कारण उरत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये थायमसची सावली दिसते का, हे पाहायलाही वेगळा खर्च येत नाही. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे या जन्मजात आजारांवर अनेक वर्षे काम चालू आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, विशेषतः बाळाच्या आईच्या माहेरी, एखादा मुलगा पहिल्या वर्षा-दोन वर्षांत न्यूमोनियाने, न थांबणाऱ्या जुलाबांनी किंवा बीसीजीनंतर चिघळलेल्या गाठींनी गेला असेल, तर ती गोष्ट नशिबावर ढकलून गप्प राहू नका. घरात पुढचे बाळ यायचे असेल तेव्हा बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांना ती सांगा, आणि बाळाच्या रक्ताची तपासणी होईपर्यंत बीसीजी आणि इतर जिवंत लसी थांबवायच्या का, हे त्यांना स्पष्ट विचारा. आजीला, मामाला, मावशीला विचारून अशी मरणे एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.